ओरोमो भाषा: कायदा, न्याय आणि आशीर्वाद जिच्या बोलण्यात नांदतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: "नोकरीनिमित्त इथिओपियात, जिम्मा भागात राहायला जायचं आहे. अम्हारिक आली की देशभर भागतं, असं सगळे सांगतात. मग ओरोमो वेगळी शिकायची गरज आहे का? ती स्वतंत्र भाषा आहे की बोली? आणि तिथले लोक भाषेच्या बाबतीत इतके हळवे का असतात?"

आधी सरळ उत्तर देते. ओरोमो ही स्वतंत्र आणि फार मोठी भाषा आहे, आणि जिम्म्याला राहणार असाल तर ती शिकाच. अम्हारिकवर बाजारहाट होईल, बँकेतलं काम होईल, कचेरीतले कागद पुढे सरकतील. पण शेजारी मयत झाली, लग्न निघालं, दोन घरांतलं भांडण मिटवायला गावची जाणती माणसं झाडाखाली बसली, तर तिथं तुम्ही परकेच राहाल. हळवेपणाचं कारण मात्र जरा मागून सांगावं लागेल. पश्चिम ओरोमियात (ओरोमिया म्हणजे इथिओपियातलं ओरोमो लोकांचं राज्य) मी अनेक वर्षं भाषा शिकवली, आता तिथल्या मौखिक साहित्याची ध्वनिमुद्रणं उतरवून घेण्याचं आणि भाषांतराचं काम करते. या सगळ्या काळात पटलेली मुख्य गोष्ट ही की ओरोमो समाजाने आपला कायदा, आपला इतिहास, आपली प्रार्थना आणि आपला न्याय कागदावर न ठेवता बोलण्यात ठेवला. त्यामुळे या भाषेवर बंदी आली तेव्हा बोलण्याच्या साधनाबरोबर या सगळ्या व्यवस्थांचाच गळा आवळला गेला. तिथल्या माणसांचा हळवेपणा तिथून येतो.

बोलीचा मुद्दा लवकर संपवू. अम्हारिक ही सेमिटिक भाषा, अरबी-हिब्रूच्या गोतातली. ओरोमो कुशिटिक, म्हणजे सोमाली, अफार, सिदामा यांची बहीण. दोन्ही शाखा आफ्रो-आशियाई या मोठ्या कुळात येतात खऱ्या, पण मराठी आणि इंग्रजीही एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या आहेत. म्हणून कोणी मराठीला इंग्रजीची बोली म्हणत नाही. कुशिटिक भाषांत ओरोमोच सगळ्यांत मोठी. इथिओपियाच्या 2007 च्या जनगणनेत देशातल्या सुमारे 34 टक्के लोकांनी ती मातृभाषा सांगितली, अम्हारिक सांगणारे 29 टक्क्यांच्या आसपास होते. पश्चिमेला वेल्लेगापासून पूर्वेला हरारच्या डोंगरांपर्यंत, उत्तरेला वोल्लो-रायापासून दक्षिणेला केनियातल्या ताना नदीकाठच्या ओर्मा लोकांपर्यंत ती पसरली आहे. बोलणारे लोक तिला 'आफान ओरोमो' म्हणतात. जुन्या युरोपीय आणि इथिओपियन लिखाणात 'गल्ला' असा शब्द सापडेल. तो अपमानास्पद आहे, चुकूनही तोंडात आणू नका.

इतक्या मोठ्या मुलखात ही भाषा पसरली कशी, याचं उत्तर तलवारीत थोडं आणि दत्तकविधानात जास्त आहे असं माझं मत. सोळाव्या शतकात ओरोमो लोक दक्षिणेकडून सगळीकडे सरकले. वाटेत भेटलेल्या टोळ्यांना, गावंच्या गावं, ते शपथ घालून आपल्या कुळात सामावून घेत. या विधीला मोग्गासा म्हणतात. एकेका मुलाला घरात घेतात तेव्हा त्याला गुद्दिफचा म्हणतात, आणि असं घेतलेलं मूल पोटच्या मुलाइतकंच हक्काचं होतं. गुद्दिफचा आजही सर्रास चालतो. एकदा कुळात आला की तो माणूस ओरोमो, मग त्याचा आजोबा कोणती का भाषा बोलत असेना.

आता मूळ मुद्दा. ओरोमोंच्या राज्यव्यवस्थेचं नाव गदा. पुरुषांची पिढ्यांनुसार गटवारी, दर आठ वर्षांनी एका गटाकडून दुसऱ्याकडे सत्ता, आणि मुदत संपली की प्रमुखाने, म्हणजे अब्बा गदाने, पायउतार व्हायचंच. युनेस्कोने 2016 मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत तिचा समावेश केला. पण व्यवस्थेचा आराखडा पुस्तकातून समजला म्हणजे गदा समजली असं होत नाही. दक्षिणेकडच्या बोराना लोकांची 'गुमी गायो' नावाची महासभा आठ वर्षांतून एकदा भरते. तिथं कायदे म्हणून दाखवतात. जुना कायदा पाठ असलेला माणूस उभा राहून तो सगळ्यांसमोर उच्चारतो, मग त्यावर चर्चा होते, बदल करायचा तर तोही बोलूनच ठरतो, आणि नवा कायदा पुन्हा मोठ्याने म्हटला जातो. सभेत ज्याने ऐकला तोच त्या कायद्याचा साक्षीदार. इतिहासही असाच तोंडी. बोराना जाणकार घटना सांगताना सालाचा आकडा देत नाहीत. अमुक अब्बा गदाच्या काळात दुष्काळ पडला, तमुकाच्या काळात ही विहीर खणली, असं सांगतात. प्रत्येकाची आठ वर्षं धरली की शतकांची मोजदाद लागते, आणि ती नामावळी त्यांना मुखोद्गत असते.

बोरानांच्या कालगणनेचा उल्लेख इथं केल्याशिवाय राहवत नाही. त्यांच्याकडे दिवसांची 27 नावं आहेत. चांद्रमास त्याहून थोडा मोठा असल्याने सुरुवातीची नावं महिन्याच्या शेवटी पुन्हा येतात. वर्ष बारा चांद्रमासांचं, आणि चंद्र कोणत्या ताऱ्यांच्या जवळ दिसतो यावरून महिने ताडून घेतात. 27 म्हटलं की मराठी माणसाला नक्षत्रं आठवणारच, पण तेवढ्यावरून नातं जोडू नका, तसा काही पुरावा नाही. सांगायचं एवढंच की हे सगळं ज्ञान दिवसांच्या नावांत, म्हणजे शब्दांत साठवलेलं आहे, आणि ते सांभाळणाऱ्या जाणकारांना अयांतू म्हणतात.

जिम्म्यात तुम्हाला गुमी गायो बघायला मिळणार नाही. पण एब्बा रोज भेटेल. एब्बा म्हणजे आशीर्वचन, आणि ओरोमो घरात त्याशिवाय पान हलत नाही. संध्याकाळी कॉफी होते. हिरवे दाणे तव्यावर भाजले जातात, त्यांचा धूर घरभर फिरवतात, मग कुटून पाणी उकळतात. काही ठिकाणी अख्खी बोंडं लोण्यात परततात, त्याला बुना कला म्हणतात. कप हातात येण्याआधी घरातलं सगळ्यांत वयस्क माणूस सुरू करतं. वाक्यं छोटी असतात, एका दमात संपणारी. वाका, म्हणजे आकाशस्थ देव, शांती देवो. पाऊस वेळेवर येवो. गाय व्यावी. लेकरू मोठं व्हावं. गेलेला परत यावा. प्रत्येक वाक्यानंतर बाकीचे तळहात वर करून एका सुरात म्हणतात, "हा तउ". म्हणजे, तसं होवो. मुस्लिम घरात त्या जागी "आमीन" येतं, बाकी घडण तीच. बोलणाऱ्याची लय ऐकणाऱ्यांच्या उत्तरावर उभी असते. उत्तर थंड आलं तर म्हातारा तेच वाक्य थोडं वळवून पुन्हा म्हणतो. नव्या माणसाचा "हा तउ" योग्य जागी पडला की सगळं घर त्याच्याकडे वळून बघतं. व्याकरणाचे दहा धडे झाल्यानंतर येत नाही ती जवळीक तिथं येते.

न्यायदानातही हेच. भांडण, मारहाण, जमिनीचा वाद, अगदी खुनाचं प्रकरणसुद्धा जाणत्या मंडळींपुढे जातं. या पद्धतीला जार्सुम्मा म्हणतात. बैठकीची सुरुवात एब्बाने, शेवट एब्बाने, आणि मधे म्हणींची देवाणघेवाण. कोणाला थेट खोटं पाडायचं नसतं, म्हणून म्हण पुढे करतात. ज्याला म्हणी येत नाहीत त्याची बाजू लंगडी पडते, असं मी अनेकदा बघितलं आहे. या सगळ्यामागे सफू नावाची कल्पना आहे: माणूस, निसर्ग, थोर-लहान, स्त्री-पुरुष यांच्यात राखायचं योग्य अंतर आणि आब. लहान मुलाने मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घातलं, झरा घाण केला, तर आजी एवढंच म्हणते, "सफू!" तेवढ्यावर मूल गप्प होतं.

गदाच्या पदांवर स्त्रिया नसतात. पण त्यांच्या हाती सिंके असते. लग्नात आई मुलीला एक बारीक काठी देते, ती सिंके. नवऱ्याने मर्यादा ओलांडून मारहाण केली तर बाई ती काठी घेऊन बाहेर पडते, हाक देते, आणि आसपासच्या बाया आपापल्या काठ्या घेऊन गाणी म्हणत गोळा होतात. अपराध्याने चूक कबूल करून भरपाई दिल्याशिवाय त्या घरी परतत नाहीत. दोन गट एकमेकांवर धावून जात असताना मधे सिंके घेतलेल्या बाया उभ्या राहिल्या तर लढाई थांबली पाहिजे, अशी रीत. अर्सी भागात ही प्रथा विशेष जिवंत आहे. या बायांची गाणी हाच त्यांचा दावा आणि हाच त्यांचा निकाल असतो, आणि ती गाणी ओरोमोतच असतात.

हे सगळं लक्षात घेऊन आता बंदीचा इतिहास बघा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सम्राट मेनेलिकने ओरोमो मुलूख जिंकला. पुढे सम्राट हैले सेलासीच्या काळात शाळा, कोर्ट, कचेरी, छापखाना सगळीकडे अम्हारिक. 1944 च्या मिशनविषयक नियमांनी मिशनऱ्यांच्या शाळांतही शिक्षणाचं माध्यम अम्हारिकच ठरवलं. आपल्याच गावच्या कोर्टात ओरोमो शेतकऱ्याला दुभाषा लागे. शाळेत मुलांची नावं बदलून अम्हारिक नावं दिली जात. अदामा शहराचं नाझरेत झालं, बिशोफ्तूचं देब्रे झैत. राजधानी अदिस अबाबाला ओरोमो लोक आजही फिनफिन्ने म्हणतात. न्याय दुसऱ्याच्या भाषेत गेला तेव्हा जार्सुम्मा सरकारदरबारी उरलाच नाही, तो झाडाखालीच राहिला.

तरीही लिहिणारे निघाले. त्यांतल्या दोघांविषयी सविस्तर सांगते, कारण ओरोमो साहित्याची सुरुवात त्यांच्यापासून होते. ओनेसिमोस नेसिब यांचं मूळ नाव हिका. इल्लुबाबोर भागात 1856 च्या सुमारास जन्म, लहानपणीच पळवून गुलाम म्हणून विक्री, हातोहात विकले जात शेवटी लाल समुद्रावरच्या मस्सावा बंदरात सुटका. स्वीडिश मिशनने शिकवलं, स्वीडनलाही नेलं. त्यांना आपल्या भाषेत बायबल आणायचं होतं. अडचण अशी की भाषेतून ते लहानपणीच उपटले गेले होते, घरगुती वळणं, म्हणी, गाणी त्यांच्याकडे पुरेशी नव्हती. ही उणीव अस्तेर गन्नो या तरुणीने भरून काढली. तीही गुलाम होती. 1886 मध्ये इटालियन नौदलाने गुलामांना येमेनकडे नेणारं जहाज अडवलं, तेव्हा ती सुटली. तिच्या कानात भाषा ताजी होती. तिने आठवणीतून सुमारे 500 गाणी, कोडी, म्हणी, गोष्टी लिहून काढल्या. दोघांचं वाचनपुस्तक 1894 मध्ये मस्सावाजवळ छापलं गेलं, नवा करार 1893 मध्ये, आणि पूर्ण बायबल 1899 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सेंट ख्रिशोना इथं. लिपी अर्थात ग'एझ, म्हणजे अम्हारिकची. 1904 पासून दोघं वेल्लेगात नेकेम्तेच्या बाजूला शिकवू लागले. ओरोमोतून उपदेश करतात म्हणून ओनेसिमोस यांच्यावर तक्रारी झाल्या, काही काळ तोंड बंद ठेवावं लागलं. ते 1931 मध्ये गेले, अस्तेर 1964 पर्यंत जगल्या. बायबलच्या कामाचं श्रेय पुस्तकांत बहुतेक ओनेसिमोस यांना दिलेलं दिसेल. मला विचाराल तर त्या ओरोमोतला जिवंतपणा अस्तेरचा आहे.

ख्रिस्ती मिशनबाहेरही प्रयत्न झाले. वोल्लो, जिम्मा, हरार या मुस्लिम भागांत धार्मिक कवनं अरबी लिपीत लिहिली जात होती. पूर्वेकडचे शेख बकरी सफालो हे विद्वान आणि कवी. त्यांनी 1956 मध्ये ओरोमोसाठी स्वतंत्र लिपीच तयार केली. लोक ती शिकून एकमेकांना पत्रं लिहू लागले, तशी सरकारने तिच्यावर बंदी घातली आणि शेखांना नजरकैदेत ठेवलं. पुढे त्यांना सोमालियात आसरा घ्यावा लागला, 1980 मध्ये ते निर्वासित छावणीत वारले. त्याआधी, 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला, पूर्वेकडच्याच दिरे दावा शहरात अफ्रान कल्लो नावाचा गायक-वादकांचा मेळा उभा राहिला. लग्नांत ओरोमो गाणी म्हणायची, एवढंच त्यांचं काम होतं, आणि त्या काळात तेवढंही धाडसाचं होतं. त्यातूनच किशोरवयातला अली बिर्रा पुढे आला. 2022 मध्ये तो गेला तेव्हा अनेक पिढ्या एकत्र रडल्या.

1974 ला राजेशाही गेली, लष्करी दर्ग राजवट आली. 1975 मध्ये 'बरिसा' हे ओरोमो वृत्तपत्र निघालं, साक्षरता मोहिमेत ओरोमोही आली, पण लिपी ग'एझच राहिली. लिपीचा प्रश्न सुटला तो दर्ग कोसळल्यावर. 3 नोव्हेंबर 1991 रोजी अदिस अबाबात मोठी सभा झाली आणि लॅटिन अक्षरांवर बेतलेली कुबे ही वर्णमाला अधिकृतपणे स्वीकारली गेली.

या निर्णयाला केवळ राजकारण म्हणणारे भेटतील. राजकारण होतंच, पण भाषेची गरजही खरी होती. ओरोमोत पाच स्वर ऱ्हस्व आणि तेच पाच दीर्घ, आणि त्यावर अर्थ अवलंबून. 'लफ' म्हणजे जमीन, 'लाफा' म्हणजे मऊ. 'हर' म्हणजे तळं, 'हारा' म्हणजे नवीन. व्यंजनाचं द्वित्तही तसंच: 'बदा' म्हणजे वाईट, 'बद्दा' म्हणजे थंड हवेचा उंच मुलूख. ग'एझ लिपीत प्रत्येक अक्षराची सात स्वररूपं आहेत, दहा नाहीत, आणि द्वित्त दाखवायची नेहमीची सोय नाही. म्हणजे 'वाईट' आणि 'डोंगराळ मुलूख' एकसारखेच लिहायचे. कुबेत स्वर दीर्घ असला की अक्षर दोनदा, व्यंजन दुहेरी असलं की तेही दोनदा. पहिलीतलं पोरही चूक न करता वाचतं. (देवनागरीत द्वित्त छान दाखवता येतं, पण ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ यांचा भेद आपल्यालाही दाखवता येत नाही. म्हणून वर मी दिलेले उच्चार कामचलाऊ समजा.)

कुबेतून शिकलेल्या पहिल्या पिढीला तिथं 'कुबे पिढी' म्हणतात. त्यांच्या आईवडिलांनी भाषा लपवून ठेवली होती. ही मुलं विज्ञान, गणित, भूगोल ओरोमोतून शिकली. 2014 नंतर अदिस अबाबाच्या विस्ताराविरुद्ध जी चळवळ पेटली तिच्यात हीच मुलं पुढे होती. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनचं रौप्य जिंकताना फेयिसा लिलेसाने डोक्यावर मनगटांची फुली केली, ती याच चळवळीची खूण. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला बिशोफ्तूच्या तळ्याकाठी इरेचाच्या सणात चेंगराचेंगरी होऊन पुष्कळ माणसं मेली. पावसाळा सरल्यावर हिरवं गवत आणि पिवळी फुलं पाण्यात बुडवून वाकाचे आभार मानण्याचा हा सण; त्या दिवशी तो शोक झाला. 29 जून 2020 रोजी गायक हचालू हुंदेसाची अदिस अबाबात गोळ्या घालून हत्या झाली, आणि उसळलेल्या हिंसाचारात अनेकांचे जीव गेले. या गायकाची गाणी गेरर्सा या जुन्या प्रकाराच्या रक्तातून आलेली होती. गेरर्सात पुरुष स्वतःच्या तोंडाने आपली कहाणी मांडतो: शिकार, लढाई, गमावलेली जमीन, तुरुंग. तुमच्यासमोर कोणी हचालूचा विषय काढला तर शांतपणे ऐका, मत देऊ नका.

कागदावर आज बरंच मिळालं आहे. 1995 च्या राज्यघटनेने सगळ्या भाषांना समान मान्यता दिली, ओरोमिया राज्याचा कारभार ओरोमोतून चालतो, विद्यापीठांत ती शिकवली जाते. 2020 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अम्हारिकबरोबर ओरोमो, तिग्रिन्या, सोमाली आणि अफार यांना संघराज्याच्या कामकाजाच्या भाषा करण्याचा निर्णय घेतला. बीबीसीची ओरोमो सेवा 2017 पासून आहे. गूगलच्या भाषांतरात ओरोमो 2022 ला आली, आपल्या कोकणीच्याच खेपेला. पण मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. पाठ्यपुस्तकांची प्रमाणभाषा बरीचशी पश्चिमेकडच्या वळणाची आहे. हरारच्या आणि बोरानाच्या पोरांना तिच्यात आपली आजी सापडत नाही. आणि मौखिक ज्ञान उतरवून घेण्याची घाई असताना बरेच अभ्यासक इंग्रजी सारांशावर समाधान मानतात. अब्बा गदाचं भाषण उतरवतात आणि मधले "हा तउ" गाळतात. सभा तिथंच हरवते. माझ्या हाताखाली काम करणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते की ऐकणाऱ्यांच्या बाजूलाही एक माइक ठेवा, आणि उतरवताना त्यांची प्रत्येक ओळ लिहा.

महाराष्ट्राशी संबंध आहे का, हेही लोक विचारतात. मलिक अंबर हबशी होता, इथिओपियातून गुलाम म्हणून आला, हे पक्कं. तो ओरोमोच होता असं ठासून सांगणाऱ्यांवर मात्र विसंबू नका, त्याच्या मूळ जमातीबद्दल एकमत नाही. दुसरा धागा लहान पण खरा आहे. 1840 मध्ये लंडनला ओरोमो व्याकरणाची एक पुस्तिका छापली गेली. क्राप्फ या मिशनऱ्याने ती लिहिली आणि तिला प्रास्ताविक जोडलं त्याच्या सहकाऱ्याने, इझेनबर्गने. हाच इझेनबर्ग पुढे मुंबईत आला आणि गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांच्या आश्रमाचं काम त्याने बघितलं. त्या मुलांची वसाहत नंतर नाशिकजवळ शरणपूरला होती.

आता शिकण्याचं. मराठी माणसाला ओरोमो वाटते त्यापेक्षा सोपी जाते. क्रियापद शेवटी येतं. 'तो आला' आणि 'ती आली' यांत क्रियापद बदलतं: 'डुफे', 'डुफ्ते'. आदरासाठी अनेकवचन वापरतात, आपल्या 'तुम्ही'सारखं. अडेल ते इथं: शब्दकोशात दिसणारं नामाचं रूप हे कर्माचं असतं, कर्त्याला वेगळा प्रत्यय लागतो. 'नम' म्हणजे माणूस, पण 'माणूस आला' म्हणायचं तर 'नम्नी डुफे'. आपली सवय उलटी, म्हणून सुरुवातीला जीभ अडखळते.

उच्चारांत कुबेची अक्षरं इंग्रजीसारखी वाचू नका. सी, क्यू आणि एक्स ही तिथं च, क, त यांचे घसा आवळून झटक्यात सोडलेले आवाज आहेत. डी आणि एच जोडून लिहिलेला आवाज आपला ध नाही आणि ढही नाही. जीभ ड च्या जागी ठेवून हवा आत ओढल्यासारखा तो येतो. सिंधी बोलणारी ओळखीची व्यक्ती असेल तर तिच्याकडून तिचा तसा ड ऐका, लगेच कळेल. आणि द्वित्त कधी सोडू नका. लोक नम्रपणे समजून घेतात, पण मनात खटकतंच.

अभिवादनात घाई करू नका. सकाळी 'अक्कम बुल्ते', रात्र कशी गेली. दिवस कलल्यावर 'अक्कम ओल्ते', दिवस कसा गेला. वडीलधाऱ्यांना 'अक्कम बुल्तनी'. मग घर, मुलं, गुरं, पीक, सगळ्यांची विचारपूस होते आणि प्रत्येकाचं उत्तर 'नगा', म्हणजे शांती, क्षेम. ही देवाणघेवाण संपेपर्यंत कामाचं बोलायचं नाही. मुलांशी मैत्री करायची तर हिब्बो शिका. रात्री चुलीपाशी एक जण "हिब्बो!" म्हणतो, बाकीचे "हिब्बाका!" म्हणतात, मग कोडं. उत्तर आलं नाही की कोडं घालणारा म्हणतो, एक गाव दे. हरलेला एखादं गाव देतो, जिंकणारा ते गाव आपलं झाल्याचं थाटात सांगतो आणि मगच उत्तर उलगडतो. एका रात्रीत तुमचे निम्मे शब्द पाठ होतील, आसपासचा भूगोलही.

लग्न झालेल्या बायकांच्या बोलण्यात काही भागांत लगू आढळेल. सासू-सासऱ्यांचं नाव तर घ्यायचं नाहीच, पण त्या नावाच्या सुरुवातीशी जुळणारे रोजचे शब्दही टाळायचे आणि त्यांच्या जागी दुसरे वापरायचे. आपल्याकडे उखाण्यात नाव गुंफून घेतात. तिथं ते भाषेतूनच बाजूला सारतात. म्हणून एखाद्या बाईने ओळखीच्या वस्तूला अनोळखी नाव दिलं तर तिला दुरुस्त करू नका.

जिम्म्यात सुरुवात करताना तिथल्याच माणसाकडून शिका, अदिस अबाबातल्या शिकवणीवर थांबू नका. आणि कामाच्या ठिकाणी नावांच्या याद्या तुमच्या हाती येतील तेव्हा एक गोष्ट काटेकोरपणे करा. ओरोमोत आडनाव नसतं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. दुसऱ्या नावाने हाक मारलीत तर तुम्ही त्याच्या वडिलांना बोलावताय. पुरुषाला 'ओब्बो', बाईला 'आद्दे' लावून पहिल्या नावाने बोला. आणि नाव त्या माणसाने स्वतः लिहून दिलं आहे तसंच यादीत उतरवा, दुहेरी अक्षरं एकेरी न करता.